दादरच्या एका स्टुडिओतील अ‍ॅडॉप्टरची निवड: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण दादर पश्चिमेच्या एका लहान ध्वनिमुद्रण स्टुडिओचे आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. स्टुडिओत मुख्यतः मराठी श्राव्य पुस्तके, जाहिरातींचे आवाज आणि अधूनमधून एखाद्या नाटकाचे पार्श्वसंगीत ध्वनिमुद्रित होते. मालक स्वतःच ध्वनिमुद्रक आहेत आणि त्यांच्या हाताखाली एक तरुण सहायक काम करतो. सामग्री बेताची पण चांगली आहे: एक ऑडिओ इंटरफेस (माइक आणि स्पीकर संगणकाला जोडणारे यंत्र), दोन मॉनिटर स्पीकर, एक लहान मिक्सर, हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर आणि राखीव प्रत घेण्यासाठी ठेवलेला एक जुना घरगुती वापराचा रेकॉर्डर.

ही सगळी यंत्रे एकदम घेतलेली नव्हती. जसे काम वाढले तसे एकेक यंत्र आले, आणि प्रत्येक नव्या यंत्राचे तोंड जुन्या केबलशी जुळेना तेव्हा बाजारातून एखादा अ‍ॅडॉप्टर आणून वेळ निभावून नेली गेली. परिणामी स्टुडिओच्या एका खणात ३.५ मिलिमीटर, ६.३५ मिलिमीटर, आरसीए (घरगुती यंत्रांवरचे) आणि एक्सएलआर (माइकचे, तीन पिनांचे) या सर्व प्रकारांना एकमेकांशी जोडणारे अ‍ॅडॉप्टर साठले होते. त्यांतला कोणता कशासाठी आणला होता हे कोणालाच नक्की आठवत नव्हते. हातात जो येईल आणि भोकात जो बसेल तो वापरायचा, अशी पद्धत पडली होती.

अडचण

एका श्राव्य पुस्तकाच्या अंतिम मिश्रणाच्या वेळी अडचण ठळकपणे समोर आली. प्रकाशन संस्थेच्या संपादक आपला लॅपटॉप घेऊन आल्या. त्यांना पाठवलेली फाइल त्यांनी स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर ऐकायचे ठरवले. सहायकाने लॅपटॉपच्या हेडफोनच्या जागेत ३.५ मिलिमीटरची केबल लावली, तिच्या दुसऱ्या टोकाला एक्सएलआरचा अ‍ॅडॉप्टर बसवला आणि तो मिक्सरच्या माइकच्या इनपुटमध्ये घातला. पार्श्वसंगीत व्यवस्थित ऐकू येत होते, पण निवेदकाचा आवाज मात्र विहिरीच्या तळातून यावा तसा खोल, पोकळ आणि दूरचा वाटत होता. संपादकांनी साहजिकच सांगितले, "आवाज फार दबलाय, तो वर घ्या."

मालकांनी तो अभिप्राय मान्य केला आणि मिश्रणात आवाजाची पातळी बरीच वाढवून नवी फाइल पाठवली. संपादकांनी ती घरी इअरफोनवर ऐकली, तेव्हा निवेदन अंगावर येत होते आणि संगीत जवळजवळ नाहीसे झाले होते. पुन्हा बदल, पुन्हा फाइल, आणि दोन्ही बाजूंना थोडी कटुता असा पुढचा क्रम झाला.

त्याच सुमारास आणखी दोन तक्रारी चालू होत्या. पावसाळा सुरू झाल्यापासून उजव्या मॉनिटरमधून अधूनमधून खरखर येई आणि कधी कधी आवाज पूर्ण बंद पडे. केबल हलवली की तो परत सुरू होई. शिवाय पाहुण्याचा लॅपटॉप जोडला की स्पीकरमधून सलग घरघर ऐकू येत असे. इमारत रेल्वेमार्गापासून फार लांब नसल्याने ही घरघर उपनगरी गाड्यांच्या २५,००० व्होल्टच्या तारांमुळे येते, अशी स्टुडिओत समजूत होती.

तिन्ही तक्रारींचा मिळून मालकांनी एकच निष्कर्ष काढला: अ‍ॅडॉप्टर स्वस्तातले आहेत, ते बदलायला हवेत. स्टुडिओच्या जोडण्यांचे काम मी करतो म्हणून त्यांनी मला फोन करून एवढेच विचारले, "कुठल्या कंपनीचे घेऊ ते सांगा, आजच लॅमिंग्टन रोडला माणूस पाठवतो." खरेदी त्या दिवसापुरती थांबवावी आणि आधी प्रत्येक अ‍ॅडॉप्टरच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते पाहावे, अशी मी त्यांना विनंती केली. या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा निर्णय हाच होता, आणि ग्राहकांचे काम अडलेले असतानाही मालकांनी तो स्वीकारला याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

तपासणीत काय आढळले

आम्ही वापरातल्या प्रत्येक जोडणीसाठी कागदावर चार गोष्टी लिहिल्या: संकेत मोनो आहे की स्टिरिओ, बॅलन्स्ड (दोन तारा आणि ग्राउंड) आहे की अनबॅलन्स्ड (एकच तार आणि ग्राउंड), त्याची पातळी काय आहे, आणि त्या मार्गावर कुठून वीजदाब येण्याची शक्यता आहे का. हे लिहून झाल्यावर तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी असल्याचे दिसले.

पोकळ आवाजाची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ही चूक अनेक स्टुडिओंत आणि सभागृहांत घडते आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. टीआरएस प्लगला टोक, कडे आणि दांडा असे तीन संपर्क असतात. लॅपटॉपच्या हेडफोन आउटपुटमध्ये टोकावर डावा चॅनेल, कड्यावर उजवा चॅनेल आणि दांड्यावर ग्राउंड असतो. म्हणजे हा स्टिरिओ आणि अनबॅलन्स्ड संकेत झाला. बॅलन्स्ड मोनो जोडणीत मात्र तोच प्लग वेगळे काम करतो: टोकावर मूळ संकेत, कड्यावर त्याचीच उलट्या ध्रुवतेची प्रत आणि दांड्यावर शील्ड, म्हणजे तारांभोवतीचे संरक्षक आवरण. टीआरएस ते एक्सएलआर अ‍ॅडॉप्टर सर्वसाधारणपणे याच दुसऱ्या कामासाठी बनवलेला असतो. त्यात टोक पिन २ ला, कडे पिन ३ ला आणि दांडा पिन १ ला जोडलेला असतो. बॅलन्स्ड इनपुट पिन २ वरच्या संकेतातून पिन ३ वरचा संकेत वजा करते. वाटेत दोन्ही तारांवर सारखाच शिरलेला उपद्रवी आवाज त्या वजाबाकीत नाहीसा व्हावा, हा त्यामागचा हेतू असतो.

आता याच इनपुटला लॅपटॉपचा स्टिरिओ संकेत दिला की डाव्यातून उजवा वजा होतो. श्राव्य पुस्तकात निवेदकाचा आवाज मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्ही चॅनेलमध्ये तो अगदी सारखा असतो, म्हणून नेमका तोच खोडला जातो. दोन्ही बाजूंना वेगवेगळे पसरलेले संगीत आणि कृत्रिम घुमारा तेवढा मागे उरतो. संपादकांना ऐकू आलेला पोकळपणा म्हणजे या वजाबाकीची बाकी होती. खात्री करण्यासाठी आम्ही लॅपटॉपवरचा ध्वनी पूर्णपणे डाव्या बाजूला सरकवला, आणि त्याच क्षणी निवेदन भरदार ऐकू येऊ लागले. अ‍ॅडॉप्टर बिघडलेला नव्हता. मल्टीमीटरने तपासला तेव्हा त्याची आतली जोडणी बिनचूक निघाली.

या तपासणीत आणखी एक गंभीर बाब लक्षात आली. बहुतेक लहान मिक्सरप्रमाणे इथेही ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरचे (कंडेन्सर माइकला त्याच्याच केबलमधून दिल्या जाणाऱ्या विजेचे) बटण सर्व माइक इनपुटांसाठी एकच होते. ते चालू असते, तर पिन २ आणि पिन ३ या दोन्हींवरून तो वीजदाब थेट पाहुण्याच्या लॅपटॉपच्या हेडफोन आउटपुटपर्यंत पोहोचला असता. प्रमाणित फँटम पॉवरमध्ये दोन्ही पिनांच्या मार्गात ६.८१ किलोओहमचे रोधक असतात, त्यामुळे प्रवाह प्रत्येक पिनमागे साधारण ७ मिलिअँपिअरपर्यंत मर्यादित राहतो. तरीही असा दाब सहन करण्यासाठी हेडफोनचे आउटपुट बनवलेले नसते. त्या दिवशी बटण बंद होते, कारण कंडेन्सर माइक इंटरफेसवर होता.

उजव्या मॉनिटरची खरखर मात्र खरोखरच अ‍ॅडॉप्टरच्या दर्जाची होती. इंटरफेसच्या आउटपुटपासून टीआरएस केबल येत होती आणि स्पीकरच्या मागे टीआरएस ते एक्सएलआर अ‍ॅडॉप्टर लावलेला होता. संकेत बॅलन्स्ड मोनो असल्यामुळे इथे हा प्रकार अगदी योग्य होता. लॅपटॉपच्या बाबतीत जी जोडणी घातक ठरली, तीच इथे आवश्यक होती. म्हणूनच अ‍ॅडॉप्टरवर सरसकट चांगला किंवा वाईट असा शिक्का मारणे मला पटत नाही. इथला दोष यांत्रिक होता. अ‍ॅडॉप्टरच्या आतल्या स्प्रिंग सैल पडल्या होत्या, संपर्काचा पृष्ठभाग काळवंडला होता आणि केबलचे सगळे वजन त्याच्यावर लोंबकळत होते. समुद्र जवळ, जुलैतली ८० टक्क्यांच्या वरची आर्द्रता, आणि रात्री वातानुकूलन बंद केल्यावर खोलीत शिरणारी दमट हवा, या सर्वांचा परिणाम आधी अशा सैल संपर्कांवर होतो. घट्ट दाब असलेला संपर्क प्लग घालताना स्वतःच घासून स्वच्छ होत राहतो. सैल संपर्काला तो लाभ मिळत नाही.

घरघरीचे कारण शोधायला फार वेळ लागला नाही. गाडी जवळून गेली तरी घरघर वाढत नव्हती, पण लॅपटॉपचा चार्जर काढला की ती लगेच थांबत होती. चार्जर तीन पिनांचा होता. लॅपटॉपचे अर्थिंग एका वाटेने आणि मिक्सरचे दुसऱ्या वाटेने जमिनीला जात होते, आणि ऑडिओ केबलच्या शील्डमुळे ते वर्तुळ पूर्ण होत होते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचा आणि तिच्या पटींचा आवाज त्या ग्राउंड लूपमधून संकेतात मिसळत होता.

विचारात घेतलेले पर्याय

सगळे अ‍ॅडॉप्टर काढून नामांकित कंपनीचे घेणे हा मालकांचा मूळ विचार होता. न्यूट्रिक, स्विचक्राफ्ट किंवा अ‍ॅम्फेनॉल यांसारख्यांचा माल घेतला असता तर खरखर निश्चित गेली असती. पोकळ आवाज मात्र तसाच राहिला असता, कारण महागडा टीआरएस ते एक्सएलआर अ‍ॅडॉप्टरही आतून तसाच जोडलेला असतो. पैसे खर्च करूनही दोष राहिल्याने संशय पुन्हा मिश्रणावर किंवा स्पीकरवर गेला असता, आणि हा तोटा मला खर्चापेक्षा मोठा वाटला.

पाहुण्यांकडून फक्त फाइल घ्यायची आणि ती स्टुडिओच्या संगणकावरच वाजवायची, हा सहायकाने सुचवलेला मार्ग उत्तम होता आणि तो आजही पहिली पसंती आहे. पण काही ग्राहकांना आपल्याच यंत्रावर, आपल्याच प्लेअरमधून ऐकायचे असते, आणि त्यांना नकार देणे व्यवसायाला परवडत नाही. ब्लूटूथने होणारा विलंब ओठांच्या हालचालींशी आवाज जुळवण्याच्या कामात चालत नाही, म्हणून तो विचार लगेच बाजूला पडला.

पॅचबे (सर्व यंत्रांची तोंडे एकत्र आणणारी जोडणीची पट्टी) बसवून सर्व जोडण्या मागून कायमच्या करून टाकणे हा तिसरा पर्याय होता. मोठ्या स्टुडिओसाठी मी तोच सुचवला असता. इथे मात्र रोज बदलणाऱ्या जोडण्या मोजक्याच होत्या, आणि पॅचबेमुळे संपर्कांची संख्या कमी होण्याऐवजी वाढली असती.

शेवटी ठरले ते असे: ज्या जोडण्या कायम आहेत तिथून अ‍ॅडॉप्टर काढून टाकायचे आणि दोन्ही टोकांना योग्य कनेक्टर असलेल्या केबल बनवायच्या, ज्या जोडण्या प्रसंगानुसार लागतात त्यांच्यासाठी निवडक अ‍ॅडॉप्टर किंवा आखूड केबल ठेवायच्या आणि प्रत्येकावर तिचे काम लिहायचे. पाहुण्यांच्या लॅपटॉपसाठी ट्रान्सफॉर्मर असलेला स्टिरिओ डीआय बॉक्स (अनबॅलन्स्ड संकेत बॅलन्स्ड करून माइकच्या इनपुटला देणारी पेटी) घ्यावा, असे मी सुचवले. खर्चामुळे मालकांनी तो पुढच्या महिन्यावर ढकलला आणि तोपर्यंत साधी केबल वापरायचे ठरले.

केलेली कृती

मॉनिटरसाठी टीआरएस ते एक्सएलआर अशा दोन अखंड केबल बनवल्या. लॅपटॉपसाठी एका टोकाला ३.५ मिलिमीटरचा स्टिरिओ प्लग आणि दुसऱ्या टोकाला दोन स्वतंत्र ६.३५ मिलिमीटरचे मोनो प्लग असलेली केबल घेतली. तिचे डावे आणि उजवे टोक मिक्सरच्या दोन वेगळ्या लाइन इनपुटांत (माइकपेक्षा जोरकस संकेतासाठीच्या जागांत) जाते. लाइन इनपुटमध्ये फँटम पॉवर येत नसल्याने तो धोकाही टळला.

खरेदीसाठी मी सहायकाला घेऊन लॅमिंग्टन रोडला, म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर गेलो. सोबत मल्टीमीटर होता. तिथल्या दुकानदारांना त्याचे नवल वाटत नाही. अशी तपासणी करू देणारे दुकान निवडावे हे मी आवर्जून सांगेन. प्रत्येक अ‍ॅडॉप्टरची एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कंटिन्युटी (जोडणी अखंड आहे का ते) पाहायची, कोणत्याही दोन संपर्कांत शॉर्ट नाही ना ते पाहायचे, आणि मग मीटर लावलेला ठेवूनच प्लग हलवायचा, फिरवायचा. हलवताना आकडा उड्या मारत असेल तर तो अ‍ॅडॉप्टर नवाकोरा असला तरी परत ठेवायचा. काही स्वस्त प्लगांचे टोक वेगळे बनवून रिव्हेटने बसवलेले असते. बोटांत धरून फिरवून पाहिले तर ते कधी कधी आत्ताच सैल असल्याचे कळते. ज्याचे आवरण आट्यांनी उघडता येते त्याची आतली सोल्डरिंग पाहता येते आणि पुढे दुरुस्तीही करता येते. प्लास्टिक ओतून बंद केलेल्याबाबत फक्त विश्वास ठेवावा लागतो. नामांकित कंपनीचे नाव छापलेली नक्कलही बाजारात मिळते, त्यामुळे नुसते नाव वाचून ही तपासणी टाळू नये.

सोनेरी मुलाम्याचा प्रश्न सहायकाने तिथेच विचारला. सोने गंजत नाही आणि मुंबईच्या हवेत हा गुण उपयोगी आहे, पण स्वस्त प्लगवरचा मुलामा इतका पातळ असतो की वारंवार काढ-घाल केल्यावर तो झिजतो. रोज हलणाऱ्या जोडणीसाठी मी भक्कम स्प्रिंग असलेला निकेलचा प्लग निवडतो. एकदा लावून महिनोन्‌महिने न काढायच्या जोडणीसाठी सोन्याचा अधिक उपयोग आहे.

एका दुकानात आम्हाला दोन तोंडांचा वाय अ‍ॅडॉप्टर दाखवून लॅपटॉपचे डावे-उजवे एकत्र करून मोनो करण्याचा सल्ला मिळाला. तो आम्ही घेतला नाही. एका आउटपुटचे दोन भाग करण्यासाठी वाय जोडणी चालते, पण दोन आउटपुट थेट एकमेकांना जोडले की ती एकमेकांवर भार टाकतात आणि ध्वनी विकृत होऊ शकतो. मोनो हवाच असेल तर प्रत्येक मार्गात रोधक घालून बेरीज करावी लागते, किंवा ते काम मिक्सरवर सोपवावे.

जुन्या रेकॉर्डरसाठी अ‍ॅडॉप्टर ठेवणेच योग्य वाटले, कारण तो क्वचित लागतो. त्याची आरसीए इनपुट घरगुती −१० डीबीव्ही पातळीची आहेत आणि इंटरफेसचे आउटपुट व्यावसायिक +४ डीबीयू पातळीचे आहे. या दोहोंत सुमारे ११.८ डेसिबलचा फरक पडतो. राखीव प्रती फाटल्यासारख्या का ऐकू येतात याचे उत्तर त्यातून मिळाले. अ‍ॅडॉप्टर आकार जुळवतो, पातळी जुळवत नाही. इंटरफेसवर त्या आउटपुटची पातळी बदलण्याची सोय होती, ती वापरली. बॅलन्स्ड आउटपुट अनबॅलन्स्ड इनपुटला जोडताना पिन ३ ची तार ग्राउंड करायची की मोकळी सोडायची हे आउटपुटच्या रचनेवर ठरते, म्हणून इंटरफेसची पुस्तिका वाचून ती मोकळी सोडली. मोनो टीएस प्लग (कडे नसलेला, दोनच संपर्कांचा) अशा आउटपुटमध्ये सरळ खुपसला तर कडे आपोआप ग्राउंड होते, आणि काही इलेक्ट्रॉनिक आउटपुटांना ते मानवत नाही.

हेडफोनसाठी ३.५ वरून ६.३५ मिलिमीटरला नेणारे आखूड ठोकळे काढून त्यांच्या जागी वीतभर लांबीच्या मऊ केबलचे अ‍ॅडॉप्टर ठेवले. ताठ ठोकळा तरफेसारखे काम करतो आणि कोणाचा हात लागला की आतल्या सर्किटवरची सोल्डर तोडतो. ज्या हेडफोनसोबत आट्यांचा अ‍ॅडॉप्टर आला होता तो त्याच हेडफोनवर पूर्ण आवळून ठेवला, कारण वेगवेगळ्या कंपन्यांचे आटे जुळतीलच असे नाही आणि अर्धवट आवळला तर एक कान बंद पडतो.

परिणाम

खरखर पूर्णपणे थांबली आणि पुढच्या पावसाळ्यातही ती परतली नाही. पाहुण्यांच्या लॅपटॉपवरून आता निवेदन जसे मिश्रित केले तसेच ऐकू येते. वादात अडकलेल्या पुस्तकासाठी मूळ, म्हणजे सर्वांत पहिले मिश्रणच संपादकांना पुन्हा ऐकवले, आणि त्यांनी ते एखाददुसरा बदल सुचवून मंजूर केले. मालकांनी त्यांना वजाबाकीचा प्रकार प्रत्यक्ष वाजवून दाखवला, त्यामुळे संबंधही सुधारले.

घरघर मात्र साध्या केबलने जाणार नव्हतीच. मधल्या काळात लॅपटॉप बॅटरीवर चालवून काम भागवले गेले. एकदा एका ग्राहकाने आपल्या चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय सुचवला, तेव्हा सहायकाने ठामपणे नकार दिला. २३० व्होल्टच्या उपकरणाचे अर्थिंग तोडून मिळवलेली शांतता कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते, आणि त्या मुलाने दाखवलेला ठामपणा मला या प्रकरणातील सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते. पुढे डीआय बॉक्स आला. ट्रान्सफॉर्मरमुळे दोन्ही बाजूंचा थेट विद्युत संबंध तुटला आणि चार्जर लावलेला असतानाही घरघर गेली.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत महाग पडलेला निर्णय कोणत्याही खरेदीचा नव्हता. ऐकण्याचा मार्ग तपासण्याआधी मिश्रण बदलले गेले, तिथे नुकसान झाले. तीच फाइल स्टुडिओच्या संगणकावरून आणि मग लॅपटॉपवरून लागोपाठ वाजवली असती, तर दोष फाइलमध्ये नाही हे दोन मिनिटांत कळले असते. ग्राहक समोर बसलेला असताना "थांबा, आधी जोडणी तपासतो" असे म्हणणे ध्वनिमुद्रकाला अवघड जाते हे मी जाणतो. तरीही आता या स्टुडिओत पाहुण्याचे यंत्र जोडले की आधी फक्त मध्यभागी आवाज असलेली एक छोटी चाचणी फाइल वाजवली जाते, आणि ती खणखणीत ऐकू आल्यावरच सत्र सुरू होते.

डीआय बॉक्स आधीच घेतला असता, तर लॅपटॉपसाठीची वेगळी केबल कदाचित लागली नसती. मर्यादित पैशांत मॉनिटरच्या केबलना प्राधान्य देणे मला तरीही बरोबर वाटते, कारण मॉनिटर रोजच्या कामाचे आहेत आणि पाहुण्यांचे लॅपटॉप अधूनमधूनचे.

खणातल्या जुन्या अ‍ॅडॉप्टरांचे काय करायचे यावर थोडा मतभेद झाला. मालकांना ते अडीअडचणीसाठी ठेवायचे होते. तपासणीत नापास झालेले टाकून द्यावेत आणि उरलेल्यांवर 'बॅलन्स्ड मोनो', 'स्टिरिओ हेडफोन' अशा चिठ्ठ्या चिकटवाव्यात, असा माझा आग्रह होता. लॅपटॉपला लावलेला तो ३.५ मिलिमीटर ते एक्सएलआर अ‍ॅडॉप्टर मात्र तपासणीत उत्तीर्ण झालेला असूनही मी वेगळा काढायला सांगितला. बॅलन्स्ड आउटपुट ३.५ मिलिमीटरच्या जागेतून देणारे एकही यंत्र त्या स्टुडिओत नव्हते; त्यामुळे तिथे तो योग्य कामी लागण्याची शक्यता नव्हती आणि घाईच्या वेळी चुकीच्या कामी लागण्याची शक्यता होती. कॅमेऱ्यावरच्या वायरलेस माइकच्या रिसीव्हरसाठी असा अ‍ॅडॉप्टर लागणाऱ्या एका परिचित ध्वनिमुद्रकाला मालकांनी तो, आतल्या जोडणीची चिठ्ठी लावून, देऊन टाकला.